टेंटचं कापड माझ्याकडे, काठ्या तिच्याकडे

(सल्ला मागणारं एका लेखिकेचं पत्र. बरंच मोठं होतं, थोडक्यात देतेय. ओळख पटेल असे तपशील तिला विचारूनच बदललेत.)

मी चौतीस वर्षांची, मूळची साताऱ्याची, गेली काही वर्षं सिएटलला नोकरी करते. २०१९ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा, म्हणजे मेक्सिकोपासून कॅनडाच्या बॉर्डरपर्यंत जाणाऱ्या लांबलचक पायवाटेचा, वॉशिंग्टन राज्यातला भाग चालले, साधारण ५०० मैल. एकटी निघाले होते, चौथ्या दिवशी ती भेटली आणि मग शेवटपर्यंत आम्ही बरोबरच होतो. स्नोक्वाल्मी पासला तिने स्वतःचा टेंट पोस्टाने घरी पाठवून दिला. तिथून पुढे एकच टेंट, कापड माझ्या सॅकमध्ये आणि काठ्या तिच्या. ट्रेल संपल्यावर एक हिवाळाभर फोन झाले, मग तेही थांबले. आता यावर मराठीत कादंबरी लिहितेय, साठ हजार शब्द झालेत आणि शेवटाशी अडकलेय. पुस्तकांच्या धंद्यातल्या एका मैत्रिणीने वाचून सांगितलं की एकतर दुसरीला मुलगा कर, नाहीतर तिला गोट रॉक्सच्या धारेवरून पडू दे, दोघी बायका सुखात राहिल्या हे मराठी वाचकाला पचणार नाही. मला स्वतःला वाटतं बॉर्डरवर दोघींनी आपापल्या वाटेने जावं, कारण ट्रेलवरचं ट्रेलवरच राहतं. आणि खरी भीती आईची. ती रिटायर्ड शिक्षिका, दिवाळी अंकातली माझी प्रत्येक कथा वाचते आणि रविवारच्या फोनवर त्याबद्दल बोलते. माझ्याबद्दल तिला काही माहीत नाही. टोपणनावाने छापू? की छापूच नको?

प्रिय मैत्रिणी,

तू पाठवलेली तीन प्रकरणं मी दोनदा वाचली. पहिल्यांदा उत्तर लिहायचंय म्हणून आणि दुसऱ्यांदा अशीच, रात्री जेवणं आटपल्यावर, आणि टेंटचं प्रकरण संपलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते.

म्हणजे बघ ना, दोघींना भेटून जेमतेम दोन-अडीच आठवडे झालेत, आडनावंसुद्धा धड माहीत नाहीत, आणि त्यातली एक आपलं राहतं घर पोस्टात टाकते. वजन कमी करायला, असं म्हणते ती. आता कितीही रुसवाफुगवी झाली, एक रागाने पुढे निघून गेली, तरी संध्याकाळी दोघींना एका जागी यावंच लागणार, कारण नुसत्या कापडाचा टेंट होत नाही आणि नुसत्या काठ्यांचाही होत नाही, आणि वर सप्टेंबरचा पाऊस. आपल्याकडे याला संसार म्हणतात. तू तो शब्द कुठेही वापरलेला नाहीस, ते फार छान केलंयस, तसंच ठेव. आणि त्याच रात्री तुझी नायिका सातारहून आलेलं मेतकूट त्या पाकिटातल्या बटाट्याच्या लगद्यात कालवून तिला देते आणि ती विचारते हे कोणी केलंय, ते तर मला अजून आठवतंय.

आता तुझे प्रश्न. पण त्याआधी एक सांगते. तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या भीती एकमेकींत मिसळल्यात, एक कादंबरीची आणि एक घरची, आणि घरच्या भीतीवरचा उपाय तू कादंबरीत शोधतेयस. दुसरीला मुलगा केलं तर आईला कळणार नाही. तिला मारलं तर आई हळहळेल, चिडणार नाही. बॉर्डरवर वेगळं केलं तर आईला वाटेल, चला, होतं काहीतरी, संपलं. तिन्ही शेवट आईकडे बघत सुचलेत गं, त्या दोघींकडे बघत एकही नाही. म्हणून मी आधी फक्त कादंबरीबद्दल बोलते आणि आईबद्दल नंतर सावकाश.

मुलगा करायचं म्हणतेस. तुझ्या मैत्रिणीला वाटतं 'ती'चं 'तो' केलं की झालं. इंग्रजीत थोड्याफार फेरफाराने भागलं असतंही, पण मराठीत ती आली, बसली, हसली, चिडली, सगळं हलतं, 'तू आलीस' हलतं, तिने स्वतःबद्दल नुसतं 'दमले बाई' म्हटलं तरी ते हलतं. साठ हजार शब्दांत एक ओळ जागेवर राहणार नाही. आणि एवढं करून जे हाती येईल ती दुसरीच गोष्ट असेल, कारण मुलगा-मुलगी एका टेंटमध्ये दिसले की दुकानदार त्यांना जोडपं समजतो, आणि तुझ्या दोघींना तो मैत्रिणी समजतो, बहिणी समजतो, काहीही समजतो पण जोडपं समजत नाही. दोघींचं सगळं सुख आणि सगळा त्रास त्या समजण्यात आहे. ते काढलंस तर काय उरतं मला सांग.

उलट भाषेची ही अडचण तू वापरून घे असं मला फार वाटतं. ट्रेलवर जागोजागी वह्या ठेवलेल्या असतात, चालणारे त्यात आपलं ट्रेलवरचं नाव (तिथलं टोपणनाव), तारीख आणि एखादी ओळ लिहून पुढे जातात, हे तूच पहिल्या प्रकरणात सांगितलंयस. त्या नावांवरून बाई की पुरुष बऱ्याचदा कळत नाही. समज तुझी नायिका पहिले तीन दिवस कोणा पुढे गेलेल्या माणसाच्या ओळी वाचतेय, तिला त्या आवडतायत, वहीची वाट बघायला लागलीय ती, आणि मनातल्या मनात मराठीत ती त्याला 'तो' म्हणतेय, तो आज कुठवर पोचला असेल, त्याला पाऊस लागला असेल का. आणि चौथ्या दिवशी ओढ्याकाठी ती भेटते. त्या क्षणापासून तिच्या डोक्यातली सगळी क्रियापदं बदलतात, आणि ती बदलताना तिला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून ती घाबरते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे असं करताच येणार नाही. तुला येईल.

मरणाचं म्हणशील तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, त्यातली सुमित्रा, म्हणजेच मित्रा, मुलीवर प्रेम करणारी, शेवटी जीव देते. त्या काळात एका मराठी नाटकाच्या मध्यावर अशी मुलगी उभी राहिली हीच केवढी गोष्ट होती, त्याबद्दल मला आदरच आहे. पण मित्राला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली, घरात राहायला आलेल्या एकाच माणसाच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, ती मराठीत वाचली गेली, इंग्रजीत गेली, तिच्यावर सिनेमा झाला. मग पचणार नाही म्हणजे नेमकं कोणाला? हा जो मराठी वाचक म्हणून धरला जातो ना, त्यात कराडच्या हॉस्टेलवर पांघरुणात फोनचा ब्राइटनेस कमी करून वाचणारी एकोणीस वर्षांची मुलगी कोणी मोजतच नाही. तिने आजवर गोष्टींत ज्या दोघी बघितल्यात त्या एकतर मेल्यात नाहीतर एकीचं लग्न होऊन गेलंय. प्रेमाची गोष्ट म्हणून पुस्तक हातात घेतलं की शेवटी ही माणसं एकत्र येणार या भरवशावर आपण मधली दोनशे पानं ताटातूट सोसतो, मुलगा-मुलीच्या गोष्टीत हा भरवसा न मागता मिळतो, मग हिलाच का नाही?

आणि गोट रॉक्सची ती धार तू सुरेख लिहिलीयस, दोन्हीकडे उतार, वारा, पायाखाली सुटे दगड, माझ्या पोटात गोळा आला. तिथे माणूस पडू शकतो. पण पडायचं तर ट्रेलच्या कारणाने पडावं, बर्फाने, घाईने, दमलेल्या पायांनी. दोघी एकमेकींवर प्रेम करतात म्हणून डोंगर कोणाला ढकलत नाही.

आता तुझं स्वतःचं वाक्य, ट्रेलवरचं ट्रेलवरच राहतं. मैत्रिणीच्या दोन्ही सल्ल्यांपेक्षा मला हे जास्त खटकलं, कारण ते तू मनापासून मानतेस असं दिसतंय आणि त्याचा परिणाम तुझ्या लिहिण्यात उतरलाय. तीन प्रकरणांत एकही गाव नाही! सुरुवात ब्रिज ऑफ द गॉड्सने केलीयस, खाली लोखंडी जाळी, जाळीतून दिसणारी कोलंबिया नदी, अंगावर येणाऱ्या गाड्या, आणि पूल ओलांडला की जे जंगल सुरू होतं ते संपतच नाही. पण लांब चालणारा माणूस दर चार-पाच दिवसांनी खाण्याचं सामान घ्यायला खाली उतरतोच ना? ट्राउट लेक, व्हाइट पास, स्नोक्वाल्मी, स्टीव्हन्स पास, मग स्टेहेकिन. तिथे अनोळखी माणसाला अंगठा दाखवून लिफ्ट मागावी लागते, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर दोघी कशा बसतात, हात कुठे असतात, हे मला वाचायचंय. मोटेलच्या काउंटरवर एक बेड की दोन असं विचारतात तेव्हा आधी कोण बोलतं आणि काय बोलतं? सगळे कपडे मशीनमध्ये टाकल्यावर अंगात नुसती रेनकोटची जोडी घालून दोघी लॉन्ड्रीत बसल्यात, भर उन्हाळ्यात, आणि समोरची आजी टक लावून बघतेय, ती नक्की कशासाठी बघतेय हे दोघींना कळत नाहीये. असं एक प्रकरण लिही. जंगल म्हणजे मोकळं आणि गाव म्हणजे वाईट असंही करू नकोस, ट्रेलवर अनोळखी माणसं पाणी ठेवतात, घरी नेऊन जेवायला घालतात, वारीच्या वाटेवरच्या गावांसारखीच, ट्रेल एंजल म्हणतात त्यांना. एखाद्या गावात दोघींना जोडपं म्हणून साधेपणाने ओळखणारं कोणीतरी भेटू दे. माझ्या मते कादंबरीचा खरा मध्य तिथे आहे.

आणि शेवट. तुम्ही २०१९ ला बॉर्डर ओलांडून मॅनिंग पार्कला उतरलात, तेव्हा त्यासाठी कॅनडाचं परमिट मिळायचं. जानेवारी २०२५ पासून कॅनडाने ते देणं बंद केलंय. त्यामुळे आता उत्तरेकडे चालत आलेली माणसं बॉर्डरवरच्या त्या लाकडी खांबांना हात लावतात, रडतात, फोटो काढतात आणि आल्या वाटेने साधारण ३० मैल मागे हार्ट्स पासपर्यंत चालत येतात, तेव्हा कुठे गाडीरस्ता लागतो. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा तुझी कादंबरीच आठवली. तू गोष्ट आजची कर. मग बॉर्डरवर वेगळं होताच येत नाही! जिंकून झालंय, आता मिळवायचं काही राहिलं नाही, तेच चढ, तीच झाडं पण उलट्या बाजूने, समोरून येणारे लोक आनंदात आहेत आणि ते तुम्हाला विचारतायत किती राहिलं, आणि टेंट अजूनही दोघींत वाटलेलाच आहे. ते दोन दिवस दोघी काय बोलतात? प्रेम जमलंय की नाही ते मला तरी त्या दोन दिवसांतच कळेल असं वाटतं, त्याआधीच्या पाच आठवड्यांत नाही. हार्ट्स पासला सॅक गाडीत टाकताना काठ्या कोणाच्या घरी जाणार एवढंच ठरू दे, लग्न-बिग्न दाखवायची गरज नाही.

सुख दाखवणं म्हणजे खोटं सांगणं अशी तुला भीती वाटत असेल तर एक लक्षात घे. वॉशिंग्टनमध्ये असं लग्न लोकांनी मतदान करून मंजूर केलंय, नोव्हेंबर २०१२ मध्ये. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार गेली, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायचं नाकारलं आणि विषय संसदेवर सोडला. म्हणजे तुझी नायिका सिएटलला रीतसर लग्न करेल आणि पुण्याला उतरली की कागदावर पुन्हा एकटी. हे सगळं खरंय आणि हे असूनही त्या दोघी एकत्र राहू शकतात, हेही तेवढंच खरंय.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस पण मी बोलणार आहे. ती खरी मुलगी. तुझ्या प्रकरणांत तिचं ट्रेलवरचं खरं नाव आहे असं तू समासात लिहिलंयस. ते बदल. त्या वर्षी चाललेल्यांमध्ये ते नाव म्हणजे आधार कार्डच आहे, आणि तुझ्या नावाने पुस्तक आलं की दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागणार नाही. तिचं गाव, तिचं काम, हनुवटीवरची ती खूण, सगळं बदल. तुला स्वतःच्या घरी कळायची इतकी धास्ती आहे, मग तिच्या घरी माहीत आहे का हे तुला माहीत आहे का? एक छोटी ईमेल कर तिला. परवानगी मागायला नको, तुझं जगणं लिहायला तुला कोणाची परवानगी लागत नाही, पण असं असं लिहितेय, तू ओळखू येणार नाहीस याची काळजी घेतलीय, काही नको असेल तर सांग, एवढंच. उत्तराची आशा ठेवून करू नकोस. आणि ती ईमेल लिहिताना तुझे हात थरथरले तर जरा थांब आणि बघ की तू कादंबरीचा शेवट शोधतेयस की तिला परत बोलावतेयस. दोन्ही चालेल, फक्त तुला माहीत असू दे.

आता आई.

माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने अशीच एक कथा स्वतःच्या नावाने छापली होती, आईला वेगळं सांगायला नको, वाचेल आणि समजेल असं धरून. आईने वाचलीच नव्हती. शेजारच्या काकूंनी वाचली आणि जिन्यात विचारलं. नंतर कितीतरी दिवसांनी तिची आई मला म्हणाली, ती तशी आहे याचं मला फार काही वाटलं नाही गं, पण माझ्या मुलीची गोष्ट मला जिन्यात कळली. हे मी विसरू शकत नाही. कादंबरीला निरोप्या करू नकोस. तुझी आई तुझी सगळ्यात जुनी वाचक आहे, पण हे तिला वाचक म्हणून कळू नये.

म्हणजे माझ्या मते तुझ्यासमोर दोन चांगले रस्ते आहेत. एक, आईला आधी सांगायचं आणि मग स्वतःच्या नावाने छापायचं. दुसरा, आत्ता सांगायची तयारी नसेल तर टोपणनावाने छापायचं आणि त्याची अजिबात लाज वाटून घ्यायची नाही. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने, केवढा गदारोळ झाला, ही बाई कोण म्हणून लोकांनी शोध घेतला, आणि मालतीबाई बेडेकरांनी त्या नावाच्या आडोशाने ते लिहून ठेवलं म्हणून आज ते आपल्याकडे आहे. आडोसा घेणं म्हणजे पळून जाणं नव्हे. पण हेही ऐकून ठेव की तुझ्या आईने तुझी प्रत्येक कथा वाचलीय, तू वाक्य कुठे तोडतेस ते तिला पाठ असणार, टोपणनाव जगापासून लपवेल, तिच्यापासून लपवेल याची खात्री मी देणार नाही. म्हणून दुसरा रस्ता घेतलास तरी पुस्तक यायच्या आधी कधीतरी तिच्याशी बोलावं लागेल असं धरूनच चल. घाई नाही, हस्तलिखित पुरं होऊन पुस्तक हातात यायला पुष्कळ महिने जातात, ते महिने तिचे आहेत.

तिला काहीच माहीत नाही असं तू ठामपणे लिहिलंयस. असेलही. पण चौतीस वर्षांची मुलगी, लग्नाचा विषय निघाला की फोन ठेवते, कथांमधले पुरुष सगळे पाठमोरे, आणि आई आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेली. मला सांगता येत नाही तिला काय माहीत असेल, आणि तुलाही येत नसावं. सांगताना रविवारचा फोन निवडू नकोस, तो तिच्या आनंदाचा आहे, तो तसाच राहू दे. जमलं तर समोर बसून सांग, नाहीतर हाताने पत्र लिही, शिक्षिका आहे, पत्र पुन्हा पुन्हा वाचेल. कादंबरी सोबत जोडू नकोस. पहिल्या दिवशी ती जे बोलेल, रडेल, गप्प बसेल, किंवा एकदम भाजी काय केलीस विचारेल, ते तिचं शेवटचं मत धरू नकोस, तुला स्वतःला हे कळायला किती वर्षं लागली ते आठव. आणि बाजूला तुझ्यासाठी एक माणूस असू दे, त्या रात्री फोन करता येईल असं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, विशेषतः ज्या अजून घरी राहतात, फी किंवा पैसे घरून येतात, ज्यांच्या घरात हात उगारला जातो, त्यांना मी आधी सांगून टाका असं म्हणणार नाही. तुमचं डोकं टेकायचं ठिकाण आणि शिक्षण पहिलं. तोवर लिहा, वही किंवा फोन लॉक करून ठेवा, आणि एका तरी भरवशाच्या माणसाशी बोला. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करतेय, तिथे समुपदेशनही मिळतं.

आणि तू, पत्र कसं सुरू करायचं ते सुचत नसेल तर एक सुचवते. तुझ्या आईच्या हातचं मेतकूट त्या मुलीने कितीतरी आठवडे खाल्लंय, हे कोणी केलंय म्हणून विचारलंय. ते आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. तिथून सुरू कर.